घरात किती माणसं, ताप कोणाले?

माझ्या लग्नाच्या रिसेप्शनला सर स्टेजवर आले, माझ्या नवऱ्याच्या हातात पाकीट ठेवलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शुभेच्छा वगैरे काही न देता सरळ विचारलं, "आता घरात किती माणसं? ताप कोणाले?"

मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत बघतच राहिले. नवऱ्याने मात्र वर्गात हजेरी द्यावी तसं उत्तर दिलं, "तीन होतो, आता चार झालो. ताप नाही कोणालेच." सरांनी समाधानाने मान हलवली, फोटोवाल्याकडे पाठ करून थोडा वेळ उभे राहिले आणि जेवायला निघून गेले. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांची नुसती पाठ आली आहे.

पाहुणे पांगल्यावर मी सासूबाईंना विचारलं, हे कोण होते म्हणून.

"तो? तो मलेरियावाला. माहा रांजण उपडा करनारा," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही. सासरी पहिलाच दिवस होता.

सर सरकारी आरोग्य सेवक होते, गावासाठी डाक्टरच. नोकरीची पहिली वर्षं नाकाडोंगरीकडच्या जंगलात, मग लाखांदूर तालुक्यात, आणि शेवटी आमच्या वरठीच्या आसपासच्या गावांत. काम एकच. सायकलवर घरोघरी जायचं, दाराशी उभं राहून माणसं किती आणि ताप कोणाला ते विचारायचं, ताप असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकायची. पोलिओच्या रविवारनंतर त्यांच्या हाती खडू असायचा. घरातली सगळी लेकरं डोस प्यायली तर दारावर P, एखादं राहिलं किंवा घर बंद असलं तर X. X म्हणजे या घरी पुन्हा यायचं. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बायांनाही ही दोन अक्षरं येतात.

सर निवृत्त झाले, त्यांचा प्रश्न काही निवृत्त झाला नाही. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाला, न्हाव्याकडे, मयतीला गेले तर मयतीच्या घरी, सगळीकडे तोच प्रश्न. लोक हसायचे, पण उत्तर द्यायचे. वीस-पंचवीस वर्षं उत्तर द्यायची सवय झाली की ती तोंडालाच बसते.

रांजणाची गोष्ट मला पुढे सासऱ्यांनी सांगितली, तीही सासूबाई वावरात गेल्या होत्या तेव्हा. सरांना आमच्या अंगणातल्या रांजणात डासांच्या अळ्या दिसल्या. त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्या वेळी काही न बोलता रांजण दोन्ही हातांनी धरून उपडा केला. भर उन्हाळ्यात, हापशीवर तासभर रांगेत उभं राहून भरलेलं पाणी! सासूबाई खराटा घेऊन हापशीपर्यंत त्यांच्या मागे धावल्या होत्या. तेव्हापासून चौदा वर्षं अबोला. त्या साली आमच्या आळीत घरोघरी डेंग्यूने माणसं झोपली आणि आमचं घर तेवढं वाचलं, हा गोष्टीचा भाग सासूबाई कोणाला सांगत नाहीत.

आता माझं सांगते. मी नर्सिंग केलेली. नागपूरला दवाखान्यात दोन वर्षं नोकरी केली, मुलगी झाली, नोकरी सुटली. मग कोणीतरी मेडिकल कोडिंगचं सुचवलं. काम घरी बसून. अमेरिकेत म्हातारं माणूस दवाखान्यातून घरी परतलं की नर्स त्याच्या घरी जाते, त्याला तपासते, कागद भरते. ते कागद नागपूरच्या कंपनीमार्फत माझ्या लॅपटॉपवर येतात, आणि मी त्यातल्या एकेका आजाराला विटेएवढ्या जाड पुस्तकातून कोड शोधून लावते. कोड बरोबर लागला तर त्या माणसाकडे नर्स येत राहते. चुकला तर कागद परत येतो आणि म्हातारा तिकडे वाट पाहत बसतो. या कामाची एक सर्टिफिकेशन परीक्षा असते. पुस्तक उघडून द्यायची असते, म्हणून सोपी असेल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. पहिल्याच दणक्यात नापास झाले आणि दोन दिवस जेवले नाही.

वरठीची एक मैत्रीण म्हणाली, "तुमच्या गावचे ते मलेरियावाले शिकवतात की. त्यांच्याकडे काहून नाही जात तू?"

मी इतकी हसले की पोट दुखलं. म्हटलं, तो रांजणवाला म्हातारा मला अमेरिकेचं कोडिंग शिकवणार? तरी गेले. नापास माणसाला मान-अपमान नसतो.

सर या धंद्यात कसे पडले, ते ते स्वतः कधी धड सांगत नसत. त्यांच्या पुतण्याने नागपुरात हा कोर्स अर्धवट सोडला होता आणि कोडचं पुस्तक सरांकडे टाकून दिलं होतं. सरांनी ते उघडलं आणि पहिल्यांदा काय शोधलं असेल, तर साप. नागाला स्वतंत्र कोड आहे हे पाहून त्यांना फार बरं वाटलं. मग मण्यार शोधली. मण्यार नव्हती. 'आफ्रिका आणि आशियातले इतर साप' अशा एका ओळीत तिची बोळवण केलेली होती. यावर सर दहा वर्षांनीही चिडायचे. "नाकाडोंगरीले झोपल्या जागी माणूस मारते ती मण्यार, अन् हिले हे लोक 'इतर'मधे टाकतात! एक दिवस राह्यले नाही हे लोक तिकडे." त्या रागातच ते आख्खं पुस्तक वाचत गेले, आणि वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की आपण तीस वर्षं भिंतींवर हेच करत होतो.

त्यांचा क्लास त्यांच्याच घरात. फळा नाही, फळ्याची गरजच नव्हती, कारण सगळ्या भिंती खडूने भरलेल्या. तेही कुठेही नाही. चुलीमागच्या भिंतीवर फुफ्फुसाचे आजार, कारण धूर तिथेच खाल्ला जातो. पाण्याच्या माठामागे किडनी. खाटेला लागून असलेल्या भिंतीवर, अगदी खाली, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या जखमा. उंबरठ्यावर पडणं-झडणं आणि मोडलेली हाडं. "होम हेल्थ म्हनता ना? मंग आधी घर शिका," म्हणायचे. परीक्षेत प्रश्न आला की डोळे मिटायचे आणि सरांच्या घरात शिरायचं. आजही मधुमेह म्हटलं की मला त्यांची साखरेच्या डब्याची फळी दिसते.

पुस्तकाला खुणेच्या पट्ट्या लावतात, त्या बाजारात रंगीत कागदाच्या मिळतात. सरांच्या पुस्तकाला शिंप्याकडच्या ब्लाउजच्या चिंध्या होत्या. हृदयाला लाल, डोक्याला मोरपंखी, आणि मानसिक आजारांना एक जरीकाठाची. ती जरीची का, ते कोणी विचारलं नाही.

माझी चूक त्यांनी पहिल्या आठवड्यात पकडली. त्यांनी एक केस दिली होती. खुब्याचं हाड मोडलेला, एकटा राहणारा अमेरिकन म्हातारा. आंघोळ करू शकतो का, उठून पाणी घेऊ शकतो का, अशी माहिती त्या कागदात भरायची असते. मी लिहून टाकलं, मदतीने करू शकतो.

"कोनाच्या मदतीनं?" सर म्हणाले.

"घरच्यांच्या."

"कोन घरचे?"

"असेल ना सर कोणीतरी. सून, पुतण्या, शेजारचं कोणी."

सरांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवर बांबूच्या दोन कमच्या आणि सुतळी घेऊन आमच्या दारात हजर. सासूबाई अंगणात होत्या, त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. सरांनी माझा डावा पाय कमच्यांमध्ये घट्ट बांधला, मला माझ्या कामाच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, पाण्याचा तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, माझ्या मुलीला सासऱ्यांसोबत बाहेर धाडलं आणि म्हणाले, "संध्याकाळपर्यंत तू तो म्हातारा."

दहा मिनिटांत सासूबाई चहा घेऊन आत. सर दारातच आडवे उभे राहिले. चौदा वर्षांनंतर दोघांचं बोलणं झालं ते असं.

"काकू, चहा नाही चालत. त्या म्हाताऱ्याले सून नाही."

"सून नाही तं लेकरू अशीन."

"लेकरू दूर राह्यते."

"मंग शेजारीन?"

"दार लावून घेते तिकडची शेजारीन."

सासूबाई कप हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग माझ्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. "अन् पानी कोन देते त्याले?"

"कोनीच नाही."

"अगं माय." कप घेऊन परत फिरता फिरता त्या म्हणाल्या, "तं मंग लिवा बापा त्याचं बराबर. बराबर लिवलं तं ती नर्स तरी येईल."

खरं सांगते, नर्सिंगच्या तीन वर्षांत जे कळलं नव्हतं ते मला त्या एका दिवसात कळलं. दुपारी तांब्यापर्यंत जायला मला वीस मिनिटं लागली आणि पोचल्यावर तो हातातून निसटून लवंडला. मी रडले. पायामुळे नाही, बाहेर सगळे असून कोणी येत नव्हतं म्हणून. आमच्या गावात एकटं राहणं कोणाच्या कल्पनेतच बसत नाही, म्हणून आम्ही सगळ्या पोरी ती एकच चूक करायचो. कागदात नसलेली सून घरात आणून बसवायचो.

पुढच्या परीक्षेत मी पास झाले. सरांनी माझ्या वहीवर मोठा P काढला आणि म्हणाले, "जास्त हसू नोको. दात दिसतात."

आता असल्या माणसाने स्वतः ही परीक्षा कधीच मारली असेल, असं कोणालाही वाटेल. सर दोनदा नापास झालेले होते! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आम्हाला हे माहीत होतं आणि आम्ही त्याचा विषय काढत नव्हतो. पण मागच्या पावसाळ्यात नागपूरच्या कंपनीचे साहेब क्लास बघायला आले. सरांच्या सात पोरी तयार होत्या. कोणी वरठीची, कोणी मोहाडीकडची, दोघी लाखांदूरहून येऊन इथे मावशीकडे राहिलेल्या. कंपनी त्यांना घेणार असं ठरल्यासारखंच होतं. साहेबांनी भिंती पाहिल्या, पोरींना प्रश्न विचारले, खूश झाले. आणि जाताना म्हणाले, "सर, पोरी उत्तम आहेत. पण आमच्या नियमात शिकवणारा सर्टिफाइड लागतो. तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही. जानेवारीपर्यंत मिळवा. नाहीतर ही बॅच मला घेता येणार नाही."

सात पोरी ओसरीत उभ्या राहून ऐकत होत्या. त्यातल्या दोघींच्या घरी स्थळं पाहून ठेवली होती, नोकरीच्या आशेवर फक्त थांबवली होती. सरांनी साहेबांना फाटकापर्यंत सोडलं, आत आले, आणि खडू घेऊन आपल्याच दारावर बाहेरून X काढला.

"ह्या घरी पुन्हा यायचं हाय," म्हणाले.

सर नापास का होत, हे मला त्या महिन्यात कळलं. आम्ही आठ जणींनी मिळून त्यांच्या सरावाची जबाबदारी घेतली. मी पास झालेली म्हणून मी मुख्य. त्यांना एक केस दिली, एका विधवा आजीची. त्यांनी सगळे कोड अचूक लावले, आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने, आणि शेवटी एक जास्तीचा लावला. नैराश्य.

"सर, डॉक्टरांनी नैराश्य कुठे लिहिलंय?"

"लिवलं नाही."

"मग?"

"नवरा मेला, एकटी राह्यते, अर्धी पोळी खाते. आता डाक्टरनं लिवलं नाही म्हनून का ती खुशीत हाय?"

"सर, तुम्हीच शिकवलं ना, कागदावर नाही ते घडलं नाही?"

"तुमाले शिकवलं," सर म्हणाले आणि पुस्तक मिटून चहा करायला उठले.

प्रत्येक केसमध्ये हेच. आमची पोरी-बाळींची चूक ही की आम्ही कागदात नसलेली माणसं घरात भरत होतो. सरांची चूक याच्या उलटी, ते कागदात नसलेलं दुःख ओळखायचे. तीस वर्षं दाराशी उभं राहून आत काय चाललंय ते न सांगता कळायची सवय लागलेली. आणि खरं तर ते बरोबरच असतील, पण परीक्षेत त्याला शून्य. सर स्वतः सहा वर्षांपासून एकटे होते. त्यांची बायको गेली तेव्हापासून. जरीकाठाची चिंधी कोणाच्या ब्लाउजची, ते मला तेव्हा उमजलं, आणि मी ते कोणाला बोलले नाही.

उपाय त्यांचाच वापरला. एक जास्तीचा कोड लागला की त्यांच्या दारावर एक X. दिवाळीपर्यंत दार फुल्यांनी भरलं. एक दिवस पोलिओची यादी सांभाळणाऱ्या आशाताई धापा टाकत आल्या, "अहो डाक्टर, तुमच्या घरी इतके लेकरं कोनाचे राह्यले? वरून विचारतील ना मले!" त्यांना समजावता समजावता आमची हसून पुरेवाट झाली. सर मात्र हसले नाहीत. दाराकडे पाहत म्हणाले, "पोट्टीहो, हे खूप झाले."

त्या दिवसापासून ते बदलले. जास्तीचा कोड सुचला की हात मांडीखाली दाबून बसायचे. पण एवढ्याने भागत नव्हतं, कारण हात दाबला तरी मन त्या कोडवरच अडायचं आणि पुढचे प्रश्न राहून जायचे. मग मीच म्हटलं, "सर, लिहायचं नाही, पण विचारायला कुठे बंदी आहे? डॉक्टरला चिठ्ठी पाठवता येते ना, की बाबा, तुमची पेशंट जेवत नाही, काही निदान आहे का म्हणून. तुम्ही जन्मभर दुसरं काय केलं?"

सरांनी मांडीखालचा हात काढला. "हे मले कसं नाही सुचलं?"

"कारण तुम्ही शिकवता सर, शिकत नाही."

दुसऱ्या कोणी असं बोललं असतं तर त्यांनी सायकलचा पंप फेकून मारला असता. मला म्हणाले, "बरं."

परीक्षा डिसेंबरात. आता ती घरून देता येते, कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर. तिकडून एक बाई नजर ठेवते, आधी खोलीच्या चारही भिंती दाखवाव्या लागतात, भिंतीवर एक अक्षर चालत नाही. सरांच्या घरात तर माशी बसायला कोरी जागा नव्हती. चुना मारावा म्हटलं तर सर भिंतींना पाठ लावून उभे राहिले. शिवाय इंटरनेट आणि इन्व्हर्टर माझ्याकडे. म्हणजे रांजणाच्या घरी जाणं आलं.

सर आले. अंगणाबाहेरच उभे राहिले. सासूबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या. पाखडणं न थांबवता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी किती मानसं?"

अख्ख्या गावाला हा प्रश्न विचारून झालेल्या माणसाला तो कोणी कधी विचारला नव्हता. सर गोंधळले. मग हळू म्हणाले, "एक."

"अन् जेवता काय?"

"करतो काही ना काही."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "या आत. खोली पाहून घ्या. अन् माह्या रांजनाकडे पाहाचं नाही, सांगून ठेवते." सर आत जाताना पाहिलंच. रांजण झाकलेला होता, वर फडकं बांधलेलं.

परीक्षेच्या दिवशी सातही पोरी सकाळीच आमच्या अंगणात. परीक्षा दुपारी दोनला. मी टेबल लावलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, देवाचा फोटोसुद्धा माफी मागून बाहेर नेला. सर आंघोळ करून, निवृत्तीच्या दिवशी मिळालेला सदरा घालून आले. आम्ही बाहेर आलो, दार तेवढं अर्धवट उघडं होतं. पडद्यावरची बाई इंग्रजीत म्हणाली, खोली दाखवा. सरांनी लॅपटॉप फिरवला. पुस्तक दाखवलं. "हे काय?" चिंध्यांवर बोट ठेवून बाईने विचारलं. "ब्लाउज पीस, मॅडम." मग लॅपटॉप मागच्या भिंतीकडे वळला आणि बाई म्हणाली, "त्या पिशव्यांवर काय लिहिलंय?"

मी दाराच्या फटीतून आत पाहिलं. धानाचे कट्टे! खरेदी केंद्रावर नंबर लागला नव्हता म्हणून बत्तीस कट्टे त्याच खोलीत थप्पी लावून ठेवलेले. आणि प्रत्येक बारदानावर निळ्या-हिरव्या शाईत छापलेले आकडे नि अक्षरं. आम्ही महिनाभर भिंतीवरच्या खडूचीच काळजी करत होतो, पण धान कोणाच्या डोळ्यांनाच दिसलं नव्हतं. डिसेंबरात आमच्याकडे घरात धान असणं म्हणजे घराला छप्पर असण्यासारखं, कोण बघतं त्याच्याकडे!

"मॅडम, धिस इज पॅडी," सर म्हणाले. "नो कोड."

बाईला पटेना. वीस मिनिटांत पिशव्या हलवा, नाहीतर परीक्षा रद्द. सर दाराकडे वळले. "जानेवारी गेला," एवढंच म्हणाले.

"काहून जाते?" सासूबाई ओरडल्या. पदर खोचला आणि रस्त्याकडे तोंड करून अशी हाक मारली की आळीतले चार जण होते तिथून धावत आले. "अबे, कट्टे काढा भायेर! डाक्टरची परीक्षा हाय!"

चाळीस किलोचा एकेक कट्टा. चार शेजारी, माझा नवरा आणि माझे सासरे पाठीवर घेत होते, पोरी दोघी-दोघी मिळून एक ओढत होत्या. वरठीची ती बारकी पोरगी, जिचं स्थळ थांबवून ठेवलं होतं, ती एकटी पाठीवर कट्टा घेऊन गेली. मी पाहिलं, आणि मलाही कुठून बळ आलं माहीत नाही. एक बारदान फाटलं, धान अंगणभर सांडलं, त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. सासूबाई खराटा घेऊन मागोमाग खोली झाडत होत्या. हाच खराटा घेऊन त्या एकदा सरांच्या मागे धावल्या होत्या. सरांनी लॅपटॉप फिरवला, बाईने चार कोऱ्या भिंती पाहिल्या, आणि म्हणाली, "यू मे बिगिन." दार लागलं.

तीन तास अंगणात कोणी मोठ्याने बोललं नाही. सांडलेलं धान आम्ही सगळ्यांनी मिळून वेचलं. सासूबाई गल्लीतली दोन कुत्री स्वतः हाकलत तळ्यापर्यंत सोडून आल्या. निकाल पडद्यावर लगेच येतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

पाच वाजून गेल्यावर दार उघडलं. सर चौकटीत उभे राहिले. सगळे उठले. सरांच्या तोंडावरून काहीच कळत नव्हतं.

"सर?" मी म्हटलं.

"आतले प्रश्न कोनाले सांगता येत नाही. सही केली मी," सर म्हणाले. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातला खडू चाचपला. "जोडलं नाही काही. जिथं वाटलं तिथं विचारलं. पास झालो, पोट्टीहो. पास झालो!"

मग काय विचारता! पोरींनी जो गिल्ला केला तो वरठी स्टेशनात ऐकू गेला असेल. बारक्या पोरीने सरांच्या पायाला हात लावला आणि तिथेच बसून रडायला लागली, मी तिला उठवायला गेले तर मीच रडत होते. सासऱ्यांनी बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं सरांच्या पाठीवर थोपटलं. सात नोकऱ्या त्या एका चौकटीतून बाहेर आल्या होत्या.

सासूबाईंनी सरांच्या खिशातून सरळ खडू काढून घेतला आणि आमच्या दाराशेजारच्या भिंतीवर एक मोठा, वाकडा P काढला. शाळेत कधी न गेलेली बाई. "माह्या घरी पास झाला," म्हणाल्या.

सर डोळे पुसत पुढे आले, P कडे पाहिलं आणि म्हणाले, "काकू, तारीख नाही टाकली. बिनतारखेची नोंद धरत नाही."

"मंग टाका ना तुमी."

सरांनी खडू घेतला. तारीख टाकली. मग सवयीने मागे वळून अंगणातली डोकी मोजली. सात पोरी, चार शेजारी, आम्ही घरचे पाच. लिहिलं, माणसं १६.

"अन् तुमी कोन्या गावचे?" सासूबाई म्हणाल्या.

सरांनी तळहाताने सोळा पुसलं आणि सतरा लिहिलं. खाली लिहिलं, ताप निरंक.